माणूस धरणारी खाट

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही, आधीच सांगून ठेवतो. मंचरच्या एका दवाखान्यात एक खाट होती. ती माणूस धरायची! भेटीच्या वेळी लोक आपला पेशंट सोडून ती कोपऱ्यातली खाट बघायला गर्दी करायचे. पायथ्याशी नारळ फुटायचे.

ऊस तोडताना जानकूच्या नडगीला कोयता लागला. जखम ती केवढी! चार टाके घालून घरी जायचं, तर गडी त्या खाटेवर पडला तो पडूनच. ताप उतरायचा, बायको द्रौपदा पिशवी भरायची, की पट्टीखाली परत पू. त्याच्या आधी तिथं निजलेल्या गोजरबाईचंही हेच झालं होतं.

मग बेलबाबा अवतरला. एका हातात भीमाशंकरच्या तीर्थाचा तांब्या, दुसऱ्यात बेलाचं पान.

"खाट उपाशी हाय, पावणं! मी सोडवल्याबिगर उठलास, तर पाय खाटंतच राहील!"

पान तांब्यात बुडायचं, जखमेवर फिरायचं, परत तांब्यात. पुढच्या खाटेवर तेच. जानकूला गार वाटलं.

"बघा, खाट सैल पडली!"

दोन दिवसांत शेजारच्या खाटेवरच्या भरतची जखमही चिघळली. बाबा गडबडला नाही. "खाटंला पिल्लं झाली!"

डॉक्टर अश्विनी म्हणाल्या, "जानकूभाऊ, इथली इंजेक्शनं लागू पडत नाहीत. आजच पुण्याला चला."

"बाई, बाबा नको म्हनतोय." जानकूनं चादरीखाली पायाची बोटं हलवून पाहिली. होती सगळी. उठावं तर पाय जाईल, पडून राहावं तर आग होतेय. आठवडा असाच गेला.

एके सकाळी डॉक्टरांनी तपासणीच्या काचेच्या ताटल्या वॉर्डात आणल्या. जंतूंच्या थरावर औषध लावलेल्या कागदी टिकल्या. औषध चाललं, तर टिकलीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडतं. इथं जंतू टिकलीला खेटून माजले होते.

"ही जानकूभाऊंच्या जखमेची. ही बाबांच्या पानाची. आणि ही..." त्यांचा आवाज खाली आला, "आमच्या पट्टीच्या चिमट्याची. एकच चिमटा आम्ही न उकळता सगळ्यांना लावला. वर ज्याला त्याला जबर इंजेक्शनं टोचली. कच्चे जंतू मेले, निबर तेवढे उरले, वाढले. खाट कुणाला धरत नाही. ते निबर जंतू पानानं आणि चिमट्यानं खाटोखाट वाटले."

"तीर्थ संपलं, भरून आनतो," म्हणत बाबा जो गेला तो गेलाच.

आणि जानकू? त्याच दिवशी पुण्याला गेला, खडखडीत बरा झाला आणि भीमाशंकरचा डोंगर पळत चढला!

"खोटं!" ऐकणाऱ्यांत बसलेली द्रौपदा माझ्याकडे बोट करत उठली. "खोटं नगा सांगू, नाना. पुण्याला नेलं तवा लई उशीर झाला व्हता. मालकांचा पाय गेला."

कुणीतरी पुटपुटलं, "म्हंजी बाबाचं खरं झालं."

"न्हाई झालं! खाटंनं न्हाई नेला पाय. पानानं नेला, चिमट्यानं नेला, अन आमी भिऊन बसलो त्या आठवड्यानं नेला. सांगायचं तर ह्ये सांगा. जखमेला शिवायच्या आधी हात धू म्हनावं. मग त्यो बाबा असू दे, न्हाईतर डाक्टर."