मामाचा पेला

सुंदराचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. नवरा, धर्मा, म्हणे दारू सोडून आला! शहापूरजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आला, एवढंच खरं. रविवारी ती भेटायला जायची तेव्हा काय दिसायचं? पंधरा-वीस बाप्ये गोल करून बसलेले आणि एकेक जण उठून सांगतोय, ‘माझं नाव अमुक, मी दारुडा आहे.’ अरे, हे तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्यासाठी शहापूर कशाला गाठायला हवं होतं?

पहिले आठ दिवस मात्र कठीण गेले, हे तिला मान्य होतं. धर्माचे हात लटपटत, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसत, डॉक्टर उशाशी बसून औषधं देत. त्याआधी देवापुढे शपथ घेऊन झाली होती, ती शिमग्यापर्यंत टिकली. भगताची पूड आणली, ती त्यानं दारूतूनच घेतली. म्हणून या वेळी तिनं स्वच्छ सांगितलं होतं, “एक घोट जरी घ्याल ना, तर पोरीला घेऊन टोकावड्याला आईकडं जाईन. न्यायला येऊ नका.” असं ती आधीही म्हणाली होती, पण आता पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवली होती.

आणि केंद्रातून येऊन आठवडा होतो न होतो तोच मुरबाडकडच्या गावातून धर्माच्या बहिणीचं, जयाचं बोलावणं आलं. तिच्या मुलीची, भावनाची, हळद होती.

जयाच्या सासरची रीत अशी, की नवरीच्या मामानं दारूचा पेला हाती घ्यायचा, देवाच्या नावानं पानावर धार सोडायची आणि उरलेली पिऊन टाकायची. तोवर मांडवात कोणी ओठ ओले करायचे नाहीत. त्यामुळे भरदुपारी चाळीस पाहुणे धर्माच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. देवाकडे इतक्या भक्तीनं त्यांनी कधी पाहिलं नसेल.

जयाचे थोरले दीर दामू पेला घेऊन आले. धर्मा रस्त्यात पडलेला दिसला की नाकाला रुमाल लावून पुढे जाणारे ते हेच.

“घे रे धर्मा. मामाचा मान हाय.”

“दामूदादा, मी सोडलीय.”

“अरे, ही काय दारू हाय? हा मान हाय! मान घेतला म्हंजे पिला असं होत नाय.”

चाळीस शहाण्यांनी माना डोलावल्या. सुंदराच्या अंगाचा तिळपापड झाला. जयासुद्धा हळूच म्हणाली, “एवढ्यापुरता घे रे दादा. पोरीला अपशकुन नको.”

धर्मानं पेला घेतला. सुंदराच्या डोळ्यांपुढे पेटी आली. झालं, तीन महिने पाण्यात गेले, असं म्हणून ती टोकावड्याच्या एसटीची वेळ आठवू लागली.

धर्मा उभा राहिला. “माझं नाव धर्मा,” तो मोठ्यानं म्हणाला. “मी दारुडा हाय. आज सत्त्याण्णव दिस झाले, घेतली नाय.”

मांडव खो खो हसला. सुंदराला हसू आलं नाही. बहिणीच्या सासरच्या माणसांत हे बोलायला किती बळ लागतं, ते तिला आत्ता दिसलं. तीन महिने रोज बोलून त्यानं तेच कमावलं होतं, आणि केंद्रात ते ऐकून आपण मूर्खासारखं मनात हसत होतो याची तिला लाज वाटली.

धर्मानं वाकून सगळा पेला पानावर ओतला. “देवाला सगळी दिली, दादा. आता तुमी प्या.”

“मान मोडलास!” दामू ओरडले. पण ऐकतो कोण? बाटल्या उघडल्यासुद्धा होत्या.

धर्मा मांडवाच्या कडेला येऊन केंद्रातल्या सुयोग सरांशी फोनवर बोलला. “सर, हळदीत हाय. घ्यावी असं लय वाटतंय.” पलीकडचं ऐकून त्यानं फोन खिशात ठेवला. “सर म्हणतात, पयला तिथून नीघ. माझ्या हाताला धर गो सुंदरे. माझा भरवसा नाय.”

असल्या कितीतरी मांडवांतून तिनं त्याला शिव्या देत ओढून नेलं होतं. आज तो आपल्या पायांनी चालत होता, आणि तिची बांगडी रुतावी इतका घट्ट हात धरून होता.

रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, “पेटी उघडशील ना?”

“राहू दे भरलेलीच,” सुंदरा म्हणाली. तिनं हात सोडला नाही. “उद्या अठ्ठ्याण्णवावा दिस हाय.”