डोंग्याच्या कडेचा आठ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मासा आहे. पोटाखाली दोन गळ लावलेला, खोटा मासा. आर्वीकडच्या एका धरणाकाठी राहणाऱ्या तानबाने मला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरले. त्याची बायको अनुसयाबाई हिने चुलीच्या काजळीने माझ्या पाठीवर पट्टे ओढले.

मरळ ही मासळी फार संशयी. ती माझ्या मागे मागे डोंग्यापर्यंत, म्हणजे तानबाच्या छोट्या होडीपर्यंत येई आणि तोंड न उघडताच परत फिरे. इतर लोक तिथेच दोरा वर ओढून घेत. तानबा घेत नसे. माझा दोरा बांधलेल्या काठीचे टोक तो पाण्यात बुडवी आणि डोंग्याच्या कडेलाच मला आठच्या आकड्यासारखे फिरवी. वळणावर मी जरा खोल, जरा सावकाश जाई. मरळीला वाटे, सावज आता निसटणार. मग ती झडप घाली. काठावरचे लोक म्हणत, "तानबाचा हात म्हंजे हातच हाय!" मला अभिमान वाटे.

पावसाळ्यात मात्र तानबा मला भिंतीला टांगून ठेवी. तेव्हा मरळीची लाल पिल्ले झुबक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात.

अनुसयाबाईचा भाऊ निकेश पैसे घेऊन शहरी पाहुण्यांना मासेमारी दाखवायला धरणावर आणू लागला. तानबाने त्याला प्रेमाने आठ काढायला शिकवले. "पण पिल्लांजवळ कधी नाई," असे बजावलेही.

त्याच पावसाळ्यात निकेशने मला भिंतीवरून काढले. पाहुण्यांना डोंग्यात बसवले आणि थेट पिल्लांच्या झुबक्याशी आठ काढला. मरळ मला हाकलायला धावून आली. गळ तिच्या जबड्यात रुतला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. थोड्या वेळाने नरही तसाच आला, तसाच गळाला लागला. उघडी पडलेली पिल्ले बगळ्यांनी आणि दुसऱ्या माशांनी संध्याकाळपर्यंत टिपून संपवली.

तानबा काठावर उभा होता.

"काऊन रे, पिल्लं दिसली नाई तुले?"

"दिसली म्हणूनच तिथं गेलतो, भाऊजी," निकेश हसून म्हणाला. "लवकर लागते ना मासा."

तानबा मला हिसकावून घ्यायला झेपावला. निकेशने त्याला ढकलले. अनुसयाबाई मध्ये पडली, भावाला म्हणाली, "माह्या दारात पुन्हा येऊ नोको." तो आला नाही. पण जाताना मला घेऊन गेला, आणि पिल्लांचे झुबके शोधत पावसाळाभर धरणाचा एकेक कोपरा पालथा घातला.

पुढच्या वर्षी माझ्या मागे काहीच येईना. पाहुणे कंटाळले. निकेशने मला डोंग्यात टाकून हिंगणघाटची वाट धरली.

तानबाने मला पुन्हा हातात घेतले. तो आठ काढत राहिला. पाणी हलले नाही. अनुसयाबाई काठावरून म्हणाली, "चाला ना घरी. काय पाहून राह्यले?"

"मागं कोनी येते का, ते पाहून राह्यलो."

कोणी आले नाही. त्याने दोरा कापला आणि मला छपरात खोचले. आता तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. माझे गळ गंजले आहेत.

मित्रांनो, पावसाळ्यात कुठल्याही धरणावर गेलात आणि लाल पिल्ले दिसली, तर दुरूनच मागे फिरा. आमच्या धरणावर मात्र तुम्हाला तेवढाही त्रास पडणार नाही.