तवाभर टिक्की

वत्सलाबाईंनी जन्मात कधी बर्गर खाल्ला नव्हता, पण आज रात्री घरात बर्गरच करायचा, हे त्यांनी सिरसाळ्याच्या बाजारात भाजी विकत बसल्या बसल्या पक्कं केलं. त्यांनी एकदा ठरवलं की मधे बोलायची नवऱ्याची, त्रिंबकरावांचीही छाती नसे.

कारण होतं सून. मनिषा लग्न होऊन पुण्याहून आली, त्याला दोनेक महिने झाले असतील. पोरगी कामाला चटपटीत, बोलायला गोड, पण ताटावर बसली की अर्धी भाकरी खाऊन उठायची. वाळत चालली होती नुसती. काय होतंय म्हणून विचारलं तर "काही नाही, आई" एवढंच. सकाळी मात्र ती फोनवर बहिणीला म्हणाली, "बर्गर खाऊन किती दिवस झाले गं!" वत्सलाबाईंच्या ते काळजाला लागलं. आपल्या घरात सून अर्धपोटी राहते म्हणजे काय!

त्यात आज बाजारात जो तो कोथिंबीरच घेऊन आलेला. पाटीत कोथिंबीर, पुदिना, शेपूच्या जुड्या तशाच उरल्या. एरवी त्या शेळीपुढं जायच्या. आज वत्सलाबाई पाटीसकट अल्ताफच्या बेकरीत शिरल्या.

"अल्ताफ, बर्गर कसा करत्यात रं?"

"लई सोपं हाय, मावशी. बटाट्याची टिक्की करा, तव्यावर तळा. हा बन मदून कापा, आत टिक्की, कांदा, चटणी. झालं!"

टिक्की केवढी करायची, हे ना त्यांनी विचारलं, ना त्यानं सांगितलं.

मनिषा आणि तिचा नवरा युवराज परळीला गेले होते, ते बरंच झालं. वत्सलाबाईंनी बटाटे उकडून कुस्करले, कोथिंबीर, पुदिना, शेपू बारीक चिरून सढळ हातानं घातला, वर मिरची-लसणाचा ठेचा आणि थोडं ज्वारीचं पीठ. वास असा सुटला की ओसरीवरचे त्रिंबकराव आत येऊन उगाच पाणी पिऊन गेले. मग वत्सलाबाईंनी ओल्या फडक्यावर गोळा घेतला आणि घोटाळा झाला. धपाटी थापण्यात जन्म गेलेला हात तो! सुनेचं तोंड कसं फुलेल या विचारात त्या थापत राहिल्या, आणि फडकं तव्यावर उलटं केल्यावर पाहतात तर टिक्कीनं अख्खा तवा व्यापलेला. परतायला गेल्या तर तिचे तीन तुकडे झाले. ते जुळवून त्यांनी वर एक बन ठेवून पाहिला.

नेमके तेव्हाच दोघं दारात आले.

"आई, धपाट्यावर बन काहून ठेवलाय?" युवराज म्हणाला.

"बर्गर हाय तो!" वत्सलाबाई खेकसल्या.

त्रिंबकरावांनी वाकून पाहिलं. "मग ह्याला तोंड कुठून लावायचं?"

वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. "शेळीला घाला," म्हणत त्यांनी तवा उचलला. इतक्यात मनिषाला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, हसता हसता खाली बसली आणि तिथंच रडायला लागली.

"आई, तुमच्या हातूनपण बिघडतं?"

"म्हंजी?"

"माझी भाकरी रोज तुटते. तुम्ही रागवत नाही, काही नाही. गोळा माझ्या हातातून घेता आणि झटकन गोल भाकरी टाकता. मला मग घासच उतरत नाही. वाटतं, या घरात माझ्या हाताला जागाच नाही."

पोरीला चटका बसू नये म्हणून वत्सलाबाई गोळा घेत होत्या. आपण लाड करतोय असं त्यांना वाटत होतं!

"माझं चुकलंच, पोरी," त्या म्हणाल्या आणि गॅसपासून बाजूला झाल्या.

मनिषानं डोळे पुसले, पदर खोचला आणि उरलेल्या सारणाच्या तळहाताएवढ्या टिक्क्या केल्या. पहिलीच परतताना मोडली. वत्सलाबाईंचा हात सवयीनं पुढं गेला. त्यांनी तो मागं घेऊन पदरात गुंडाळला.

"मोडली," मनिषा म्हणाली.

"मोडू दे की. मला दे ती."

मोडक्या टिक्कीचा तो पहिला बर्गर वत्सलाबाईंनी पाटावर बसून, गरम गरम खाल्ला. पुदिन्याचा वास नाकात गेला, ठेचा झोंबला, चटणी हनुवटीवर आली. मनिषा अजून टिक्क्या परतत होती, आणि तव्यावरून एकेक उचलून तोंडातही टाकत होती.