शिशाचे बिल्ले

गेल्या रविवारी पाळक मॅकिल्वेन व्यासपीठावरून कडाडले होते, "गुलाम ठेवणाऱ्याला यंदा बिल्ला मिळणार नाही!" आणि शिशाचा तो बिल्ला दाखवल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाशी कुणालाच बसता येत नसे.

आज केंटकीतल्या त्या चर्चमध्ये मेजावर पांढरं कापड होतं, भाकर होती, द्राक्षारस होता. बाकांवर मात्र नुसत्या बायका, त्याही माना खाली घालून. बाहेर घोडे फुरफुरत होते.

दारात चर्चचे ज्येष्ठ पंच गॅलब्रेथ उभे होते. बिल्ले त्यांच्याच ताब्यात असत.

"गॅलब्रेथ, बिल्ले कुठायत?" पाळकांनी मेजापासून विचारलं.

"वितळवले, साहेब."

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात, आमची लायकी नाही. मग ठेवून काय पुजायचे होते?"

"आणि शिसं?"

गॅलब्रेथनी आधी बायकांना बाहेर निघायची खूण केली.

"गोळ्या ओतल्या."