ताटाएवढा गोल

माझ्या आईचा निळा स्वेटर दुसऱ्याच आजींच्या अंगात दिसला आणि माझं डोकंच सटकलं. मी बस चालवते, आवाज मुळातच मोठा. त्या आजींच्या मुलाला वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातच गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो सुतार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, माझ्या आईची शाल तीन आठवडे सापडत नाहीये. तेवढी शोधून द्या, मग आणखी ओरडा." मला हसूच फुटलं.

बाकावर बसून बोलताना कळलं, त्याच्या आईलाही दिवसभर डायपर लावून ठेवतात. माझी आई हात धरला की चालते. संडासला स्वतःच्या पायांनी जायची. पण तीस जणांमागे दोन मावशी, बेल वाजवली तरी येणार कोण? "असू दे आजी, आतच करा," म्हणतात. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवताना एक टाका वाकडा खपवून न घेणारी माझी आई, हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. महिन्याभरात पायांतलं निम्मं बळ गेलं होतं. असंच चाललं असतं तर ती कायमची अंथरुणाला खिळली असती.

"मग तक्रार का नाही केलीत?" सुतारानं विचारलं.

"तुम्ही का नाही केलीत?"

उत्तर दोघांचं एकच. आपण घरी जाणार, राग निघणार आईवर.

पुढचे तीन रविवार आम्ही भेटायला येणाऱ्या एकेकाला धरलं. अकरा घरं झाली. सुताराच्या कारखान्यात, भुशात बसून एका मोठ्या कागदावर पत्र लिहिलं: तिसरी मावशी नेमा, बेल हाताशी ठेवा, चालणाऱ्याला चालवा. पत्र झालं फक्कड. पण पहिली सही कोण करणार? सगळे पेनाकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, एरवी अरेला कारे करणारी मीसुद्धा.

शेवटी कागद आईला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"पाय आमचे, आणि आम्हालाच विचारलं नाहीत?"

अकरा घरांतल्या एकालाही ते सुचलं नव्हतं.

तिनं जेवणाचं ताट मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर उपडं घातलं आणि पेन्सिल फिरवली. "या रेघेवर गोल सह्या करा. पहिला कोण, कुणाला कळणार नाही. आणि मधली जागा आमची."

मध्ये नऊ सह्या आणि दोन अंगठे उमटले.

पत्र द्यायलाही तीच निघाली. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला सुतार, मागे अख्खी वरात. अर्ध्या वाटेत दम लागला, पण खुर्ची नको म्हणाली.

मॅनेजरबाई धावत आल्या. "आजी, तुम्ही कशाला उठलात? बेल वाजवायची!"

"वाजवली होती," आई म्हणाली. "मागच्या महिन्यात."

बाईंनी कागद हातात घेतला, गोल गोल फिरवत वाचला आणि खाली बसल्या. तिसरी मावशी पंधरवड्यात येईल, असं त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं. दर महिन्याला आमच्याबरोबर बसायचंही कबूल केलं.

परतताना आई संडासापाशी थांबली. मी तिला आत नेलं, हाताला कठडा धरवला आणि तिथंच उभी राहिले.

"आता बाहेर हो," ती म्हणाली. "आणि दार लावून घे."

मी दार लावलं आणि बाहेर छाती फुगवून पहारा दिला.