विषयाचे दात

मंगळवारी सकाळी नऊ वाजता नाटकाचा विषय आमच्या घरी आला आणि न सांगता पाय धुऊन खुर्चीवर बसला. तेव्हाच मला शंका आली. एवढा शहाणा विषय माझ्याकडे कशाला येईल?

आम्ही वडशाचे. इथं दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात आणि कंपन्यांना दरसाल नवं नाटक लागतं. मी लांजेवार, लेखक. दोन वर्षं माझी नाटकं आपटली होती. मालक नाकाडे बजावून गेले होते, "शुक्रवारी वाचन आहे जी. या खेपेस नाटक जमलं नाही, तर कंपनी मोडतो मी." बत्तीस माणसांचं पोट, आणि ते माझ्या डोक्यावर!

विषय देखणा होता. माझी बायको सुलोचना त्याच्याकडे पाहून लगेच रडली. शेजारचे गहाणे गुरुजी लगेच हसले. "अजी, सोनं आहे सोनं! घ्या लिहायले," म्हणाले.

सगळ्यांना एकदम आवडतो, म्हणजे हा सगळ्यांच्या घरी जेवून आलेला. माझा बाप बैलबाजारात दलाल होता. बैलाचं कौतुक ऐकू नये, तोंड उघडून दात पाहावे, असं तो म्हणे. मी विषयाचं तोंड उघडलं. दात मुळापर्यंत झिजलेले. किती लेखकांनी राबवला होता कोण जाणे.

"चल, ऊठ," मी म्हणालो.

"जातो," तो म्हणाला, आणि ओट्यावर जाऊन बसला.

दुपारी दुसरा आला. मिशा काळ्या कुळकुळीत, पण एक दात सोन्याचा. तो दात मीच बसवला होता, माझ्या पहिल्या नाटकात. मेल्याला मिशा रंगवून माझ्याच दारात यायला लाज वाटली नाही. त्यालाही बाहेर काढलं. बुधवारी आणखी अकरा आले. ओटा भरला, अंगण भरलं, मग ते भिंतींना रेलले आणि भिंती आत सरकल्या. बैठकीची खोली खाटेएवढी उरली.

संध्याकाळी मागच्या दाराने एक आला. मळका, घामट, बोलेना. सुलोचना म्हणाली, "अगं बाई, हे काय ध्यान! हाकला आधी." गुरुजींनी तोंड फिरवलं. मला मात्र त्याची भीती वाटली. आधीच्या एकाचीही वाटली नव्हती.

त्याचं तोंड उघडलं. एकही दात नाही. हिरडी चाचपायला बोट घातलं, तर त्याने तोंड मिटलं. हात मनगटापर्यंत आत गेला. दुखलं नाही. आत गरम होतं, आणि माझ्या बोटांना तुळशीराम लागला.

तुळशीराम माझा धाकटा भाऊ. तो नायक होता तेव्हा मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत प्रत घेऊन बसायचं आणि नट अडला की वाक्य पुरवायचं, एवढंच काम. एका प्रयोगात चार हजार माणसांसमोर तो अडला. माझ्याकडे पाहिलं त्याने. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी दिलं नाही. जळत होतो त्याच्यावर, दुसरं काय! लोकांनी हुर्यो उडवली. त्याने नाटक सोडलं. मी सगळ्यांना सांगितलं, पान फाटलं होतं.

"सोड," मी विषयाला म्हणालो. "दुसरं काहीही माग."

त्याने आणखी गिळलं. गुरुवारी कोपरापर्यंत. आत माझा हात लिहीत होता, आणि लिहिलेली पानं त्याच्या मांडीवर पडत होती. मला वाचवेना. सुलोचनाने वाचली.

"खरं आहे का हे?" तिने विचारलं.

"नाटक आहे."

"मी काय विचारलं?"

सुलोचना पानं शिवायला बसली. दाभण प्रत्येक भोकात जोरात खुपसत होती.

शुक्रवारी खांदा गेला. सदऱ्याची उजवी बाही उसवून मी तसाच वाचनाला निघालो. विषय शेजारी चालत होता. आमच्या कंपनीत रीत आहे. पहिलं वाक्य लेखकाने उभं राहून पाठ म्हणायचं, प्रत प्रॉम्प्टरच्या हाती. तेवढं एक वाक्य सुलोचनाने माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

नाकाडे दारातच म्हणाले, "प्रॉम्प्टर तापाने पडला जी. मग तुमच्या भावाले आणलं. घरचा माणूस, काहून चिंता करता!"

बत्तीस माणसं सतरंजीवर बसली होती. त्यांनी विषयाकडे पाहिलं आणि कोणीही हसलं नाही, रडलं नाही. एका बाईने नुसतं मूल मांडीवर ओढून घेतलं. बाप्पा, हाच तो खरा विषय, हे मला तेव्हा कळलं.

"हं, लांजेवार," नाकाडे म्हणाले.

मी तोंड उघडलं. वाक्य नव्हतं. विषयाच्या पोटात माझा हात थांबला.

मी तुळशीरामकडे पाहिलं. प्रत त्याच्यासमोर उघडी होती. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्याने ती सावकाश वाचली, मान वर केली आणि माझ्याकडे बघत ओठ मिटून घेतले.