पासिंगची चाकं

रंगनाथनं शेवटचा नट सोडला, व्हॅनचं मागचं चाक दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि गुडघ्याच्या आधारानं भिंतीशी नेऊन टेकवलं. तिथं तीन आधीच उभी होती. चारही टायर जवळजवळ कोरे.

"झालं नाना पासिंग एकदाचं," व्हॅनवाला गहिनीनाथ म्हणाला. "आरटीओच्या सायेबानं टायरवरनं हात फिरवला. म्हनला, गाडी म्हातारी हाय, पन पाय जवान हायेत."

रंगनाथ हसला. अठरा वर्षांची ती डिझेल व्हॅन त्याच्याच हातावर जगली होती. लाइनीत शिरलेली हवा काढणं, थंडीत हिटर देऊन तिला उठवणं, धुराच्या रंगावरून दुखणं ओळखणं, सगळं त्यानंच केलेलं. भिंतीजवळची ही चार चाकंही त्याचीच. ज्याची गाडी पासिंगला जायची त्यानं ती न्यायची, गाडी पास झाली की परत आणायची. कुणाला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. घाटमाथ्यावरच्या फाट्यावर या गॅरेजला त्यामुळंच मान होता.

"उद्या सहादेव ही चाकं न्यायला येनार हाय, त्याच्या गाडीचं पासिंग हाय," गहिनीनाथ म्हणाला. "माजी जुनी चढवा बिगीनं."

"घाटातनं पोरं नेतो तू. नवे कवा टाकनार?"

"दिवाळी हुद्या."

"मागल्या दिवाळीलाबी हेच म्हनला हुता."

"तवा तुमीच म्हनला, चालत्याल अजून."

रंगनाथनं पाना उचलला. तसं तो म्हणाला होता खरा.

सातवीतली नात सृष्टी दप्तर टाकून शेजारी येऊन उकिडवी बसली. ती याच व्हॅननं राजूरच्या शाळेत जाई. गॅरेजातलं काहीही तिला समजावून सांगण्यात रंगनाथचा वेळ छान जायचा. टायर कसा तपासायचा तेही त्यानंच शिकवलं होतं : आगकाडी डोक्याकडून खाचेत उभी धरायची, गुल बुडालं तर टायर चांगला. तिनं भिंतीजवळच्या टायरात काडी घातली. गुल बुडालं. मग ती गहिनीनाथच्या जुन्या चाकाकडं वळली. काडी ठेवायला जागा शोधत तिनं ते पुरतं एक वेढा फिरवलं.

"आबा, ह्याला खाचच न्हाई."

"हात काळे हुत्याल. जा, आजीला च्या ठेवाय सांग."

ती गेली. गहिनीनाथ मोबाईल बघत राहिला. रंगनाथनं जुनी चाकं एकेक करून चढवली. नट रोजच्यापेक्षा जास्त आवळले, पान्यावर पाय देऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात धुकं होतं, रस्ता ओला. व्हॅन गॅरेजपुढं थांबली, हॉर्न वाजला. रंगनाथ एकटाच बाहेर आला. सृष्टीला त्यानं अर्ध्या तासापूर्वीच एसटीत बसवून दिलं होतं. एसटी फाट्यापर्यंतच यायची. आतल्या वाड्यांवरच्या पोरांना व्हॅनशिवाय दुसरं काही नव्हतं.

"सृष्टी कुठाय, नाना?"

"ताप आलाय तिला."

गहिनीनाथनं मान हलवली. तेव्हा रंगनाथचं लक्ष त्याच्या शेजारच्या सीटवर गेलं. तिथं रोज गहिनीनाथची धाकटी, निकिता बसायची. सीट मोकळी होती.

"निकिता?"

गहिनीनाथनं फडकं घेऊन समोरची काच पुसली. पुसून झालेली जागा परत पुसली.

"तिलाबी तापच हाय."

इंजिन एका लयीत चालू होतं, कुठंही अडखळत नव्हतं. मागं वाड्यांवरची अकरा पोरं दाटीवाटीनं बसली होती. त्यातलं एक उभ्यानं आलेलं, दप्तर पोटाशी धरून पुढं सरकलं.

"आजोबा, सृष्टीताईच्या जागेवर मी बसू?"

"बस," रंगनाथ म्हणाला, आणि दार ओढून घट्ट लावलं.